हुपरीकर सरांची उचकी

हुपरीकर सर दिवाणखान्यात भिंतीकडं तोंड करून, नाक दाबून, श्वास कोंडून उभे होते आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहून प्रभाकाकू एकेका नातेवाइकाचं नाव घेत होत्या.

"बेळगावच्या वन्सं," काकू म्हणाल्या.

"हिक्!"

"निपाणीचे भाऊजी."

"हिक्!"

"तुमची ती इचलकरंजीची मामेबहीण, जिच्याशी तुमचं बोलणं नाही."

"हिक्! प्रभा, बंद कर हा भंपकपणा! उचकीचा आणि कुणी आठवण... हिक्... काढण्याचा काडीचा संबंध नाही. छातीच्या खाली डायफ्रॅम नावाचा एक स्नायू असतो, तो..."

"मग त्या स्नायूला सांगा की थांबायला," काकू म्हणाल्या. "कालपासून सांगताय त्याला, ऐकतोय का?"

मी उंबऱ्यात उभा होतो. हातात बॅग होती आणि मी पळून जाऊ नये म्हणून त्यांच्या मुलीनं, वैजूनं, माझं कोपर मागून घट्ट धरून ठेवलं होतं. तिचं चुकत नव्हतं. ते कोपर सुटलं असतं तर मी थेट एस. टी. स्टँडवरच थांबलो असतो.

सर कोण, हे कोल्हापुरात तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हाताशी विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्या गावालाच वर्गात बसवलं. बुवा, बाबा, ताईत, अंगठ्या, पत्रिकेतले ग्रह, सगळ्यांची त्यांनी जाहीर व्याख्यानांतून हजेरी घेतली. माणूस सच्चा होता, पैशाला कधी शिवला नाही. फक्त आपल्याला न कळणारी एखादी गोष्ट जगात असू शकते, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी त्यांचा विद्यार्थी. तोंडी परीक्षेत त्यांनी मला एकदा आडवा केला होता आणि वर म्हणाले होते, "कागलकर, तुम्ही किराणा मालाचं दुकान का नाही काढत?"

मी डॉक्टर झालो, पण पुढं जे केलं ते सरांच्या लेखी किराणा दुकानाहून वाईट. मी अॅक्युपंक्चर शिकून आलो आणि एका पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर दवाखाना थाटला. खाली गिरणी सुरू झाली की वर खाट थरथरायची. पेशंटना वाटायचं, तोही उपचाराचाच भाग आहे. मीही कुणाची समजूत काढायला गेलो नाही. तिथंच वैजू तिच्या मैत्रिणीची मान दाखवायला आली. मैत्रिणीची मान राहिली बाजूला आणि आमचंच जमलं.

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला शांतपणे बोलावून घेतलं आणि म्हणाले, "यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत माझा विषय आहे, 'सुयांची अंधश्रद्धा'. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. व्याख्यान झालं की घरी या आणि मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. सुया सोडता की वैजू?"

वैजू वडिलांच्या शब्दाबाहेर जाऊन लग्न करणारी नव्हती आणि सुया सोडल्या तर मी खाणार काय, हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय मनातून मला त्या सुया आवडायच्या. लोकांची दुखणी माझ्या डोळ्यांसमोर हलकी झालेली मी पाहिली होती. हे सगळं मी कुणासाठी आणि कशासाठी सोडायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती.

आणि त्या व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सकाळी पोहे खाताना सरांना उचकी लागली.

पाणी झालं, साखर झाली, शेजारच्या काकतकरांनी मागून येऊन कागदी पिशवी फोडून दचकवणं झालं. सर दचकले, काकतकरांना वाट्टेल ते बोलले, उचकी होती तिथंच राहिली. सरांच्या कॉलेजातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं औषध देऊ केलं, पण त्यानं डोळ्यांवर झापड येते हे सरांना स्वतःलाच पाठ होतं. झापड आलेला माणूस अंधश्रद्धेवर काय बोलणार! आता दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती, संध्याकाळी व्याख्यान होतं, आणि वाक्यामागं एक उचकी असा सरांचा हिशेब चालू होता. काकूंनी त्यांना न विचारता वैजूला माझ्याकडं पिटाळलं होतं.

सर भिंतीकडून वळले आणि त्यांना मी दिसलो.

"हा इथं... हिक्... कशाला आलाय?"

"मी बोलावलंय," काकू म्हणाल्या.

"सुया घेऊन?"

"नाही, भाजी घेऊन," काकू म्हणाल्या. "अहो, संध्याकाळी सगळं गाव यायचंय तुम्हाला ऐकायला. सुयांना नावं ठेवायची असतील तर ठेवा, पण धड आवाजात तरी ठेवा. आत ये रे शिरीष, असा काय दारात उभा राहिलास!"

सर आरामखुर्चीत बसले. बराच वेळ ते माझ्याकडं आणि माझ्या बॅगेकडं पाहत राहिले. मधूनमधून उचकी त्यांना खुर्चीतल्या खुर्चीत उडवत होती.

"कागलकर," ते शेवटी म्हणाले, "कुठं टोचणार?"

"कानात, सर."

"उचकी छातीखाली आणि सुई... हिक्... कानात? का?"

"शरीरातली ऊर्जा..."

"ऊर्जा म्हणालात तर बाहेर काढीन! तुमची ती चिनी ऊर्जा, 'ची' का काय ती, तिकडं चीनला ठेवा. मला मज्जारज्जू सांगा, मज्जातंतू सांगा. सुई टोचल्यावर कुठून निघून कुठं पोचतं, एकेक पायरी. एक पायरी चुकलात की चपला... हिक्... घालायच्या."

झालं! मी पुन्हा तोंडी परीक्षेला उभा. या खेपेला नापास झालो असतो तर वर्ष नव्हे, बायको जाणार होती. वैजू दाराशी ओठ चावत उभी होती. मी घाम पुसला आणि सुरुवात केली.

"कानाच्या खोलगट भागात व्हेगस नर्व्हची एक फांदी येते, सर. व्हेगस म्हणजे मेंदूपासून थेट पोटापर्यंत उतरणारी नस. शरीराच्या बाहेर, त्वचेवर ती सापडते ती जवळजवळ फक्त तिथंच."

"पुढं."

"तिथं टोचलं की संदेश त्या फांदीतून मेंदूच्या देठात जातो. देठातल्या ज्या केंद्रात तो पोचतो, त्याच्या शेजारीच उचकीचं चक्र फिरत असतं. घशाकडून, पोटाकडून, डायफ्रॅमकडून खबर येते, देठ हुकूम सोडतो आणि फ्रेनिक नर्व्हवरून तो हुकूम डायफ्रॅमला पोचतो. डायफ्रॅम आकसतो. ती उचकी."

"हं. मग?"

"कानाकडून दुसरी खबर तिथं येऊन थडकली की ते चक्र अडखळेल, अशी कल्पना आहे. शिवाय मेंदूच्या वरच्या भागातून एंडॉर्फिनसारखी वेदना शमवणारी द्रव्यं सुटतात, त्यानं सगळीच मज्जासंस्था जरा शांत होते."

सरांनी डोळे मिटले.

"फ्रेनिक कुठून... हिक्... निघते?"

"मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मणक्याच्या पातळीवरून, सर."

"तेव्हा हेच आलं नव्हतं तुम्हाला."

"हो, सर."

"मार्ग बरोबर सांगितलात," सर डोळे न उघडता म्हणाले. "रस्ता आहे म्हणजे त्यावरून गाडी गेलीच असं नव्हे, हे लक्षात ठेवा. टोचा. आणि ही गोष्ट या खोलीबाहेर गेली तर मी तुमचा... हिक्... दवाखाना चालू देणार नाही."

मी डाव्या कानात सुई लावली. कानाला लावायची सुई वेगळी असते, अगदी तिळाएवढी. कातडीच्या रंगाच्या चिकटपट्टीखाली ती टोचून तशीच ठेवायची, आणि लागेल तसं वरून बोटानं दाबायचं. सरांनी आरशात ते नीट पाहून घेतलं, एखादा साप कानात घालून घ्यावा तसं तोंड केलं आणि पेपर उघडून बसले.

आम्ही सगळे उचकीची वाट बघत बसलो. श्वासागणिक येणारी उचकी पेपरच्या पानागणिक येऊ लागली. मग तीही लांबली. काकूंनी हात जोडले आणि मी छाती काढली. पण ती काही पुरती जाईना. आम्ही निश्चिंत होऊन चहा प्यायला लागलो की नेमकी "हिक्!" आणि सरांच्या बशीतला चहा धोतरावर.

"सुई राहू द्या, सर," मी म्हणालो. "उचकी येईलसं वाटलं की वरून दाबा. व्याख्यानभर पट्टी कानाला असू द्या."

"व्याख्यानभर?" सर ओरडले. "व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला व्याख्यानमालेचा तो सबनीस वकील बसतो! त्याचं डोळ्यांत तेल घालून लक्ष असतं माझ्यावर! सुयांवर आसूड ओढायला उभा राहिलो आणि कानात सुई? उद्या सगळ्या गावाला सांगत सुटेल तो!"

आता सरांचे कान. ते लपवण्यासारखे नव्हते. डोक्यावर केस नव्हते आणि कान मात्र देवानं दोघांचे एकालाच दिल्यासारखे. मफलर उन्हाळ्यात कुणी घालत नाही. टोपी सरांनी आयुष्यात घातली नव्हती. आम्ही सगळे त्या कानाकडं बघत बसलो.

"बाबा, फेटा बांधा," वैजू म्हणाली.

व्याख्यानमालेत वक्त्याला आधी कोल्हापुरी फेटा बांधून मगच व्यासपीठावर आणायची आमच्याकडची रीत. सर दरवर्षी बोलायचे आणि दरवर्षी तो फेटा झिडकारायचे. "माझ्या डोक्याच्या आत काय आहे ते ऐका, बाहेर काय गुंडाळलंय ते बघू नका," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा फेकलं होतं की, शाळकरी पोरंही त्याची नक्कल करायची. गेल्या वर्षी सबनीसांनी स्वतः हातात धरलेला फेटा त्यांनी परत पाठवला होता.

सर उठले. टेलिफोनपाशी गेले, कान दाबला, श्वास घेतला.

"सबनीस? हुपरीकर. ते फेट्याचं... यंदा बांधीन म्हणतो."

पलीकडून सबनीस वकिलांचा काळजीचा सूर आम्हालाही ऐकू आला.

"सर, तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळी हॉल खचाखच भरला होता. हुपरीकर सर फेटा बांधणार ही बातमी विषयापेक्षा जोरात गेली होती. मी ठरल्याप्रमाणं पहिल्या रांगेत बसलो, शेजारी वैजू आणि काकू. पडद्यामागं महिपतमामा सरांना फेटा बांधत होते. फेटा बांधावा तर महिपतमामांनी. लग्नकार्य असो, मिरवणूक असो, त्यांनी बांधलेला फेटा दिवसभर हलायचा नाही, आणि फोटोत माणूस वाकडा दिसला तर ते स्वतःचा अपमान समजायचे.

घंटा झाली. महिपतमामा विंगेतून खाली उतरून थेट माझ्यापाशी आले आणि वाकून म्हणाले, "डाक्टर, तुमी सरांच्या घरातलंच न्हवं?"

घरातला होणार की नाही हे त्याच संध्याकाळी ठरायचं होतं, पण मी मान हलवली.

"मग ह्ये ठेवा. सरांच्या कानाला पट्टी चिकटून ऱ्हायली हुती, लक्षात न्हाई बगा त्यांच्या. फेट्याचा वेढा तिथनंच जातोय. हळूच काढून घेतली, त्यास्नी कळलंबी न्हाई. फोटुत लई वंगाळ दिसलं असतं."

आणि त्यांनी माझ्या तळहातावर ती पट्टी ठेवली. पट्टीला सुई तशीच होती.

मी ताडकन उठलो. तेवढ्यात पडदा बाजूला झाला. गुलाबी फेट्यातले हुपरीकर सर हात जोडून उभे होते आणि लोक टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेत होते. मी उठून टाळ्या वाजवतोय असं समजून मागचेही चार लोक उठले. मी मटकन खाली बसलो.

"काय झालं?" वैजूनं विचारलं.

मी मूठ उघडून दाखवली.

"अगं बाई!" ती एवढंच म्हणाली.

सबनीसांनी प्रास्ताविक लांबवलं तेव्हा सर खुर्चीत एकदा दचकल्यासारखे वाटले. त्यांचा हात डाव्या कानाकडं गेला. फेट्याच्या वेढ्यावरून त्यांनी दाबलं. मी डोळे मिटून घेतले. काहीही झालं नाही. डोळे उघडले तर सर शांत बसले होते आणि माझ्याकडं बघून त्यांनी मान किंचित तुकवली. आयुष्यात पहिल्यांदा!

मग ते उठले आणि त्यांनी सुयांची जी सालटी काढली, ती मी जन्मभर विसरणार नाही. आवाज खणखणीत, वाक्यं लांबलचक, आणि मधे उचकीचा मागमूस नाही. मधूनच हात कानाकडं जायचा, फेट्यावरून दोन बोटं दाबायची, आणि वाक्य पुढं. सबनीस वकिलांना वाटलं असणार, फेटा सैल झालाय.

"मित्रहो, परदेशात या लोकांची परीक्षा घेतली," सर म्हणाले. "निम्म्या रोग्यांना खऱ्या सुया टोचल्या. निम्म्यांना नुसत्या टेकवल्या, टोचल्याच नाहीत. काय झालं? दोघांनाही बरं वाटलं! म्हणजे सुई आत गेली काय आणि न गेली काय, रोग्याला 'मला सुई लावलीय' एवढं वाटलं की पुरे! आता मला सांगा, लावलेलीच नाही अशा सुईनं बरं वाटतं कुणाला?" त्यांनी दोन बोटांनी कान दाबला. "ज्यानं आपली अक्कल गहाण टाकलीय त्याला! अशा माणसाला सुई नको, शाळा हवी!"

हॉल हसून हसून लोळला. काही लोक मान उंचावून पहिल्या रांगेत मला शोधत होते. मी पुतळ्यासारखा बसलो होतो, आणि मुठीतली ती चिमुकली सुई माझ्याच तळव्यात रुतत होती. शरमेनं मेल्यासारखं झालं होतं, पण ती शरम हसणाऱ्यांची नव्हती. इतकी वर्षं मी मनाशी धरून होतो की माझ्या सुया काहीतरी करतात. आणि आज माझ्या डोळ्यांदेखत, सगळ्या गावासमोर, माझी सुई माझ्याच मुठीत असताना तिकडं काम करत होती. वैजूनं माझी मूठ आपल्या हातात घेतली.

"उत्तर काय देणार आहेस बाबांना?" ती हळूच म्हणाली.

"जे झालं ते सांगणार."

"सांगू नकोस. सुईनं काम केलं असं वाटू दे त्यांना. तेवढाच आपला आधार आहे."

"खोटं सांगून मिळालेली बायको मला पचणार नाही," मी म्हणालो. बोलताना मोठा बाणेदार वाटलो, पण वैजूचा हात काही सोडला नाही.

घरी आल्यावर सर फेटा न काढताच आरामखुर्चीत बसले. इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

"झालं ना मनासारखं?" सर म्हणाले. "उचकी गेली ती गेलीच. अर्थात ती जायचीच होती. एवढ्यानं तुमची विद्या खरी ठरत नाही, कागलकर. तेव्हा आता प्रश्न. सुया सोडता की वैजू?"

"सर, उत्तराआधी एक सांगायचंय," मी म्हणालो आणि ती पट्टी समोरच्या टेबलावर ठेवली. "ही तुमच्या कानातली सुई. व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच महिपतमामांनी फेटा बांधताना काढली. व्याख्यानभर तुमच्या कानात काही नव्हतं."

सरांनी पट्टी उचलली, उलटीसुलटी केली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे सिद्ध झालं!" ते खुर्चीतून उठले. "सुई नव्हती, तरी उचकी थांबली! कागलकर, तुमच्याच हातानं तुम्ही तुमचा खटला हरलात! वा! पण माणूस प्रामाणिक आहात, हं."

"हो, सर," मी म्हणालो. वैजूनं मान खाली घातली.

"पण मग अहो," काकू सरबताचे पेले गोळा करता करता म्हणाल्या, "तुम्ही सारखं कान का दाबत होतात?"

"सुई आहे असं समजून दाबत होतो. उचकी येईलसं वाटलं की..."

सर थांबले.

"की काय?" काकूंनी विचारलं.

"...दाबलं की ती परत जायची."

वैजूनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत मला तिचे वडीलच दिसले.

"बाबा," ती म्हणाली, "लावलेलीच नाही अशा सुईनं कुणाला बरं वाटतं म्हणालात मगाशी?"

सर मटकन खाली बसले. फेट्याचा तुरा तेवढा वर ताठ उभा राहिला.

"म्हणजे आमच्या गुरवाच्या अंगाऱ्यासारखंच की हो झालं हे!" काकू भाबडेपणानं म्हणाल्या. "तोसुद्धा हेच म्हणतो, मनात भाव असला की नुसतं बोट लावलं तरी पुरतं."

अंगारा! हुपरीकर सरांना! त्यांचा चेहरा असा झाला की मला खरोखर त्यांची दया आली. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या भोळेपणावर कोरडे ओढले, त्याला त्याच्याच बायकोनं घरच्या घरी भाविकांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. ते फेट्यासकट डोकं हातात धरून बसून राहिले. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. असा घाव विसरायला माणूस तो दाखवणाऱ्यालाच नजरेआड करतो.

एकाएकी त्यांनी डोकं वर केलं.

"कागलकर! दुपारी सुई किती वेळ होती कानात?"

"चांगली दुपारभर होती, सर."

"मग झालं तर!" सर उसळून उठले. व्याख्यानांच्या तयारीला दिवाणखान्यात फळा होता. त्यावर त्यांनी एक भला मोठा कान काढला, स्वतःच्या कानाएवढाच. "इथं सुई. ही व्हेगसची फांदी. हा मेंदूचा देठ. दुपारभर इथून संदेश जात राहिले. चक्र आतून मोडलेलंच होतं! सुई नंतर राहिली काय आणि गेली काय! परिणाम मज्जासंस्थेत रेंगाळतो. एंडॉर्फिन्स काय फेटा बांधला म्हणून पळून जातात?"

"पण सर," माझ्यातला विद्यार्थी नको तेव्हा जागा झाला, "सुई होती तोवर उचकी येतच होती. निघाल्यावर थांबली. मग ती सुईनंच थांबली असं म्हणणं जरा..."

वैजूनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"जरा काय? जरा काय?" सर गरजले. "तुम्हाला तुमचं शास्त्रच समजलेलं नाही! उशिरा दिसणारा परिणाम ऐकलाय का कधी? नुसत्या सुया टोचत बसता, वाचत नाही काही! आणि फेट्यावरून मी दाबलं तेव्हा? त्या जागेच्या मज्जातंतूंवर दाब पडलाच की! सुई लागतेच कशाला, ती जागा महत्त्वाची!"

"मगाशी तर अंधश्रद्धा म्हणत होता," काकू म्हणाल्या.

"मगाशी मी अडाणी वैदूंबद्दल बोलत होतो! मज्जातंतूंचा मार्ग जाणून सुई लावणारा माणूस वेगळा!" सरांनी खडू माझ्यावर रोखला. "आणि तुम्ही, कागलकर, ऐका. माझा प्रश्न मी मागं घेतो. हा उपचार तुम्ही माझ्यावर केलाय. उद्या तुम्ही सुया सोडून दिल्यात तर त्याचा अर्थ काय होईल? त्या सुयांत काही नव्हतं असा! मग मला काय अंगाऱ्यानं बरं वाटलं? ते चालणार नाही. सुया सोडल्यात तर हे लग्न मोडलं असं समजा!"

काकू देवापुढं साखर ठेवायला धावल्या. मी वाकून नमस्कार केला. सरांनी आशीर्वाद दिला तो असा, "पुढच्या वर्षी याच विषयावर बोलेन. 'कानापासून मेंदूपर्यंत'. तुम्ही तेवढे संदर्भ काढून ठेवा."

वैजू मला फाटकापर्यंत सोडायला आली. दोघंही इतके आनंदात होतो की बोलायला सुचत नव्हतं. खिडकीतून सर दिसत होते. डोक्यावर फेटा, हातात खडू, आणि समोर पोळपाटासारखा चेहरा करून बसलेल्या काकूंना ते व्हेगस नर्व्ह समजावून सांगत होते.

"खरं सांग," वैजू म्हणाली, "उचकी कशानं थांबली?"

मी विचार केला. सुई, दाब, भाव, लोकांच्या टाळ्या, की तिची जायची वेळच आली होती? सगळं मनात घोळवून पाहिलं.

"तुझी शपथ, मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं घाईघाईनं खिडकीकडं पाहिलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल. सुयावाला जावई त्यांनी एक वेळ पत्करला. माहीत नाही म्हणणारा त्यांना चालायचा नाही."